चाळीस आठवडे पूर्ण झाले, कळा नाहीत: दाखल होऊन कळा आणाव्यात की थांबावे?

पहिलटकरीण, दक्षिण सोलापूर

नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण आहे. आठव्या महिन्यापासून मी माहेरी, मंद्रूपजवळच्या आमच्या गावी आले आहे. दाखवायला मात्र सोलापुरात विजापूर रोडवरच्या दवाखान्यात जाते. पाळीच्या तारखेप्रमाणे काल ४० आठवडे पूर्ण झाले आणि दुसऱ्या महिन्यात केलेल्या पहिल्या सोनोग्राफीची तारीखही दोनच दिवसांच्या फरकाने तीच येते. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन ठीक आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचे वजन अंदाजे ३.१ किलो, बाळाभोवतीच्या पाण्याचे माप ९ आणि वार योग्य जागी असल्याचे लिहिले आहे. कळा मात्र अद्याप नाहीत. संध्याकाळी पोट कडक होते आणि थोडा वेळ आडवे झाले की पुन्हा मोकळे होते. आतून तपासल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या की पिशवीचे तोंड अजून लांब आणि घट्ट आहे आणि बाळाचे डोकेही पुरते खाली बसलेले नाही.

त्यांनी माझ्यापुढे दोन मार्ग ठेवले आहेत. एक तर याच आठवड्यात दाखल होऊन, पिशवीचे तोंड मऊ करणारे औषधी जेल लावून कळा आणायच्या, किंवा ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या ठोक्यांची तपासणी करत थांबायचे आणि तोवर कळा आल्या नाहीत तर मग दाखल व्हायचे. दोन्ही मार्ग सुरक्षित आहेत, शनिवारपर्यंत विचार करून सांगा, असे त्या म्हणाल्या. खरे सांगायचे तर त्यांनी एकच मार्ग सांगितला असता तर मला सोपे गेले असते.

घरात प्रत्येकाचे मत निराळे आहे. सासूबाई शेवटच्या सोनोग्राफीचा कागद दाखवून म्हणतात की त्यात तारीख १२ दिवस पुढची आहे, म्हणजे दिवस भरलेलेच नाहीत. आईचे म्हणणे असे की कळा आणायचे इंजेक्शन दिले की शेवटी सिझरच होते, गल्लीतल्या दोघींचे तसेच झाले. यजमान पुण्याला नोकरीला असल्यामुळे त्यांना ठरलेला दिवस सोयीचा वाटतो. चुलत सासरे पंचांग घेऊन बसले आहेत आणि शेजारच्या काकूंनी एरंडेल आणून ठेवले आहे. बाहेर ऊन असे आहे की दुपारी दवाखान्यात जाऊन येणे हेच एक काम होऊन बसते.

ज्यांनी दोन्हींपैकी एक मार्ग निवडला आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे. भीती घालू नये, आणि उगाच धीरही देऊ नये, एवढी विनंती.

दोन मुलांची आई, जुळे सोलापूर

ताई, मला दोन्ही अनुभव आहेत. मोठ्या मुलीच्या वेळी शेवटच्या पंधरवड्यात रक्तदाब वाढल्यामुळे दाखल करून कळा आणल्या; धाकट्याच्या वेळी रात्री आपोआप कळा सुरू झाल्या.

कळा आणणे म्हणजे एक इंजेक्शन दिले आणि बाळ झाले, असे मला दाखल होईपर्यंत वाटत होते. तसे काही होत नाही. संध्याकाळी जेल लावले, अर्धा-पाऊण तास हलू दिले नाही आणि पोटाला पट्टा बांधून ठोक्यांचा आलेख काढला. रात्रभर पाळीच्या वेळी दुखते तसे ओटीपोट दुखत राहिले. सकाळी तपासले तर तोंड जेमतेम दोन बोटे उघडलेले होते, म्हणून पुन्हा जेल लावले. दुपारनंतर सलाईनमधून कळांचे औषध सुरू झाले आणि तेव्हापासून खरा जोर आला. दोन कळांच्या मध्ये श्वास घ्यायला मिळणारी उसंत धाकट्याच्या वेळेपेक्षा कमी होती, हे मी नक्की सांगेन. बाळंतपण नॉर्मल झाले, पण दाखल झाल्यापासून मूल हातात येईपर्यंत मध्ये एक अख्खी रात्र आणि पुढचा पुरा दिवस गेला. वाट पाहण्यातच निम्मी शक्ती संपली आणि सोबतचे लोकही सारखे 'अजून किती वेळ' असे विचारत राहिले.

त्यामुळे ज्या दिवशी दाखल व्हाल त्या दिवशी बाळ होईल, असे घरात कोणालाही सांगून ठेवू नका. यजमानांना सुटी घ्यायची असेल तर किमान तीन दिवसांची घ्यायला सांगा.

स्त्रीरोगतज्ज्ञ

मी तुम्हाला तपासलेले नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर माझे मत लादणार नाही. त्यांनी दोन्ही मार्ग मोकळेपणाने पुढे ठेवले, हे मला योग्य वाटते, कारण तुमच्यासारख्या निरोगी पहिलटकरणीच्या बाबतीत ४० ते ४१ आठवड्यांदरम्यान दोन्ही मार्गांना आधार आहे.

आधी तारखेचा घोळ मिटवू. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात, त्यामुळे त्या काळात मोजलेल्या लांबीवरून काढलेली तारीख आठवड्याच्या आत अचूक असते. नवव्या महिन्यात यंत्र डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड मोजते व त्या मापाचे बाळ सरासरी किती आठवड्यांचे असते, ते कागदावर छापते. त्या वयात काही बाळे थोराड तर काही बारीक चणीची असतात, म्हणून या तारखेत दोन-तीन आठवड्यांचीही तफावत पडू शकते. तुमची पाळी आणि पहिली सोनोग्राफी जुळत असल्यामुळे ४० आठवडे हा हिशोब पक्का आहे. सासूबाईंना आदरपूर्वक सांगा की शेवटच्या कागदावरची तारीख बाळाचे माप सांगते, वय सांगत नाही. उलट, पहिल्या सोनोग्राफीच्या मानाने बाळ खूपच मागे दिसू लागले तर ते थांबण्याचे कारण ठरत नाही. बाळाची वाढ खुंटली आहे का, हे तपासण्याचे कारण ठरते. ३.१ किलोचा अंदाज असताना तशी शंका घेण्याचे कारण दिसत नाही, अर्थात सोनोग्राफीच्या वजनातही दहा-पंधरा टक्क्यांची चूक धरावी लागते. पाण्याचे मापही ५ च्या खाली गेले तर कमी म्हणतात; ९ म्हणजे ठीक आहे.

आता थांबण्यातला धोका. दिवस भरल्यानंतर वारेची क्षमता हळूहळू उतरते, पाणी कमी होऊ लागते, बाळाने पोटातच शी करण्याचे प्रमाण वाढते आणि क्वचित बाळ पोटात दगावते. हे शेवटचे वाक्य वाचून घाबरून जाऊ नका, त्याचे प्रमाण पाहा. विकसित देशांतील दीड कोटी गर्भधारणांची माहिती एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ४० वरून ४१ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या सुमारे १,४५० जणींमागे पोटातल्या बाळाचा एक जादा मृत्यू होतो. हा धोका लहान आहे, पण शून्य नाही आणि पुढच्या प्रत्येक आठवड्यात तो वाढत जातो. स्वीडनमध्ये ४१ आणि ४२ आठवड्यांची तुलना करणारी एक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली आणि ४१ आठवड्यांना कळा आणलेल्या गटात एकही नाही. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते, ती याच कारणाने. म्हणून ४१ ही सीमा मी तरी ओलांडू देणार नाही, मग तपासण्या कितीही चांगल्या असोत.

आईच्या शंकेबद्दल. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणलेल्यांपैकी १८.६ टक्के स्त्रियांचे सिझर झाले आणि थांबलेल्यांपैकी २२.२ टक्के स्त्रियांचे. म्हणजे कळा आणल्यामुळेच सिझर वाढते, असे म्हणता येत नाही. तरीही तुमच्या आईला गल्लीत जे दिसले ते खोटे मानू नका. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याची नोंद आहे, तर शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आहे. खासगीत जोखमीच्या स्त्रिया जास्त येतात, असे म्हणून एवढ्या मोठ्या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही. माझ्या मते खरी मेख धीरात आहे. त्या अमेरिकन चाचणीत पिशवीचे तोंड तयार होण्यासाठी भरपूर वेळ दिला गेला होता. पहिलटकरणीत नुसते तोंड मऊ होऊन पाच सेंटीमीटरपर्यंत उघडायला एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो, आणि आई व बाळ ठीक असतील तर पाणमोट फोडून कळांचे औषध सुरू केल्यावर किमान १२ ते १८ तास गेल्याशिवाय 'कळा आल्याच नाहीत' असा निष्कर्ष काढू नये, असे मानले जाते. सकाळी जेल, संध्याकाळी सिझर, अशी घाई जिथे होते तिथे दोष जेलचा नसतो.

त्यामुळे शनिवारी दोन गोष्टी विचारा. पिशवीच्या तोंडाचे गुण किती आहेत? तोंड किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आहे, यांवरून १३ पैकी गुण देण्याची बिशप यांची पद्धत १९६४ पासून वापरात आहे. ८ किंवा अधिक गुण असतील तर तोंड तयार आहे असे समजतात. ६ किंवा त्याहून कमी असतील तर आधी जेलने, गोळीने किंवा फुग्याच्या नळीने ते तयार करावे लागते. दुसरे असे विचारा की बाळाचे ठोके चांगले असतील तर आपण किती वेळ वाट पाहणार आहोत. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्रासिक चेहऱ्याने मिळाले, तर तेही एक उत्तरच समजा.

तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून माझा कल ४१ पूर्ण होईपर्यंत थांबण्याकडे आहे, कारण तोंड अजून घट्ट आहे आणि बाकी सर्व ठीक आहे. पण पाणी कमी झाले, रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, बाळाची हालचाल मंदावली किंवा ठोक्यांचा आलेख बिघडला, तर ही निवड शिल्लक राहत नाही आणि त्याच दिवशी दाखल व्हावे.

सात रस्त्यावरचा एक आजोबा

पंचांगवाल्यांना माझा एक निरोप द्यावा. दाखल होण्याची वेळ साधता येते. बाळाच्या जन्माची वेळ मात्र जेल लावून साधता येत नाही, हे वर एका ताईंनी लिहिलेच आहे. मुहूर्त गाठायचाच म्हटला तर तो फक्त सिझरने गाठता येतो, आणि त्यासाठी सुनेचे पोट कापून घ्यायचे का, असा सरळ प्रश्न चारचौघांत विचारावा. आमच्या घरी असा प्रश्न विचारल्यावर पंचांग फडताळात गेले.

निवृत्त परिचारिका, सोलापूर

बाळा, माझी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेले पुन्हा न लिहिता वॉर्डातले सांगते.

तू शहरात नाहीस, हे या निवडीत फार महत्त्वाचे आहे. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यावर सहसा पुष्कळ वेळ असतो, त्यामुळे मंद्रूपकडून सोलापूर गाठणे एरवी अवघड नाही. पण पाणमोट रात्री फुटली आणि पाणी हिरवट असले, किंवा रक्त जाऊ लागले, तर पंचवीसेक किलोमीटरही लांब वाटतात. थांबायचे ठरवलेस तर हा आठवडा शहरातल्या कोणा नातेवाइकाकडे राहायला ये. ते जमत नसेल तर गाडी कोणाची, चालक कोण आणि तो रात्री फोन उचलतो का, हे आजच ठरवून ठेव. १०८ चा नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. शासकीय रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या आणि रुग्णवाहिका हे सगळे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे; वेळ पडली तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात जाण्याचा संकोच करू नये.

दाखल व्हायचे ठरवलेस तर रात्री तुझ्याजवळ कोण असणार आहे, हे विचार. कळांचे औषध सलाईनमधून चालू असताना जवळ बसून पोटावर हात ठेवायचा आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून दहा मिनिटांत किती कळा आल्या, त्या मोजायच्या, हे आमचे मुख्य काम असे. तीन-चार आल्या तर औषध बरोबर चालले आहे. पाचाहून जास्त येऊ लागल्या तर बाळाला श्वास पुरत नाही आणि थेंब तिथल्या तिथे कमी किंवा बंद करावे लागतात. पंपावर औषध असले तरी ही मोजणी सुटत नाही. जिथे रात्री एकच मावशी खाली-वर पळत असते, तिथे कळा आणण्यासाठी आग्रह धरू नये. भूलतज्ज्ञ रात्री येतात का आणि दुखणे कमी करण्यासाठी कमरेतून भूल मिळते का, हेही आधीच विचारून घे, कारण मध्यरात्री विचारून उपयोग नसतो.

एरंडेल मात्र काकूंना परत दे. त्याने कळा येतीलच असे नाही, पण जुलाब आणि उलट्या होतील, आणि या उन्हात गर्भारणीच्या अंगातले पाणी आटणे परवडणारे नाही. त्यापेक्षा पाणी, ताक, सरबत भरपूर पी; आईने पुरेसे पाणी प्यायले तर बाळाभोवतीचे पाणीही थोडे सुधारते. चालायचे असेल तर ऊन उतरल्यावर चाल, पण चालून चालून दमू नकोस, ती ताकद पुढे लागणार आहे.

आणि शेवटी हालचाल. 'दिवस भरत आले की बाळाला जागा उरत नाही, म्हणून ते कमी हलते', हे वाक्य मी नोकरीभर ऐकले आणि ते साफ चुकीचे आहे. रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोज. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली नाही, किंवा रोजच्यापेक्षा बाळ गप्प वाटले, तर 'सकाळी बघू' न म्हणता निघायचे. तुला उगाच आणले म्हणून कोणी बोलले तर बोलू दे.

पहिलटकरीण, दक्षिण सोलापूर

सर्वांची आभारी आहे. आज यजमानांबरोबर जाऊन डॉक्टरबाईंना भेटले. पिशवीच्या तोंडाचे गुण ४ आहेत. किती वेळ वाट पाहणार, असे विचारल्यावर त्यांनी कागदावर लिहूनच दिले की बाळाचे ठोके ठीक असतील तर दोन दिवसही थांबू. त्यामुळे ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि कळा आल्या नाहीत तर त्या दिवशी सकाळी दाखल व्हायचे, असे ठरवले आहे. मी आजपासूनच होटगी रोडला मावशीकडे राहायला आले आहे. सासूबाईंना तारखेचे पटले. आईला अजून पुरते पटलेले नाही, पण ती सोबत आली आहे.

एकच राहिले. पुढच्या तपासणीला तोंड थोडे उघडले असेल तर आतून बोट फिरवून पडदा मोकळा करता येईल, म्हणजे कदाचित जेल लागणार नाही, असे त्या म्हणाल्या. ते करून घ्यावे का?

स्त्रीरोगतज्ज्ञ

तुमची तयारी असेल तर अवश्य करून घ्या. त्यात बोटाने पाणमोटीचा खालचा पडदा पिशवीपासून हलकेच सुटा केला जातो. त्यामुळे शरीरातच कळा आणणारी द्रव्ये स्रवतात आणि औषधाने कळा आणण्याची गरज काही जणींच्या बाबतीत टळते. सगळ्यांनाच उपयोग होतो असे नाही. तपासणी काही मिनिटांची असते, पण दुखते. नको वाटले तर त्याच क्षणी थांबवायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वार खाली असेल तर हे करत नाहीत, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

त्यानंतर एखादा दिवस अनियमित कळा येतील आणि चिकट स्रावाबरोबर गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसेल, त्याने घाबरू नका. पाळीसारखे लाल रक्त वाहू लागले, पाणी गेले किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर मात्र मावशींच्या घरून लगेच निघा. कळा पाच-पाच मिनिटांनी येऊन प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि असे तासभर चालले, तर दाखल होण्याची वेळ झाली असे समजा.